बेळगावच्या थंडीत घरात टोमॅटोची रोपं: मॅट, ट्यूब, कोकोपीट वापरून बघितल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. साधी पांढरी एलईडी ट्यूब घ्या, हीटिंग मॅट (ट्रेखाली घालायची विजेची गरम चटई) कुणाकडे उसनी मिळाली तर बघा, आणि जांभळ्या ग्रो लाइटच्या वाटेला जाऊ नका. बाकीचं सवडीनं वाचा.

आम्ही अनगोळला राहतो, वरच्या मजल्यावर. गच्चीत कुंड्या आहेत आणि खानापूरकडे सासरचं थोडं परडं आहे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, त्यात घाट जवळ. मृग लागला की आभाळ जे भरतं ते गणपतीपर्यंत धड उघडत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 13-14 अंशांवर येतो. टोमॅटोच्या बियांना या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. तरी जुलैअखेर पेरून सप्टेंबरात लावलेलं झाड दिवाळीनंतरच्या गुलाबी थंडीत असं काही लागतं, की तेवढ्यासाठी हा खटाटोप परवडतो. दुसरी पेर डिसेंबरात, लावण जानेवारीत. मी दोन्ही हंगामांत हे सामान वापरलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी मॅटबद्दल, कारण सगळ्यांची पहिली उडी तिच्यावरच पडते. टोमॅटोचं बी मातीचं तापमान 25 अंशांच्या आसपास असलं की आठवड्याच्या आत डोकं वर काढतं. 15 अंशांवर तेच बी दोन आठवडे घेतं आणि 10 च्या खाली जवळजवळ हलतच नाही. हे वाचून कुणालाही वाटेल की मॅट पाहिजेच. पण हे आकडे मातीचे आहेत, गच्चीवरच्या हवेचे नाहीत. बाहेर पहाटे 13 असलं तरी बंद खोलीतला ट्रे क्वचितच 18 च्या खाली जातो. आणि जुलैत तर खोलीतच 24 असतं. तेव्हा थर्मोस्टॅट नसलेली मॅट लावली तर ट्रेचं बूड तापून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) खालून वाळतं, वरून मात्र ओलं दिसतं. बोटानं दाबून बघितल्याशिवाय ते कळत नाही. पावसाळ्यात मॅट माळ्यावर टाकून द्यावी, झालं.

डिसेंबरात तिचा उपयोग होतो हे खरं. मॅटवरचा ट्रे आणि मॅटशिवायचा ट्रे एकाच दिवशी पेरला, तर मॅटवरचा बऱ्यापैकी पुढं जातो. पण मोड दिसले की तिचं काम संपलं. मॅट तशीच चालू ठेवली तर रोपं ऊब आहे म्हणून वाढायला बघतात आणि उजेड पुरत नाही म्हणून नुसती उंच होतात. आमच्या आत्याबाई न्हाणीघरातल्या चुलीशेजारी ओल्या फडक्यात बी बांधून ठेवतात. मोड आले की उचलून मातीत. मॅट बघून त्या म्हणाल्या, "बियांस्नी करंट कशाला दिऊलालीस गे?" त्यांच्या फडक्यातली उगवण मॅटपेक्षा कमी नव्हती, हे मला कबूल करावं लागलं. फक्त मोड मोडू न देता फडक्यातून सोडवून लावायला त्यांच्यासारखा हात पाहिजे.

आता ट्यूब. या सगळ्या सामानात माझे पैसे वसूल कुणी केले असतील तर तिनं. 20 वॅटच्या दोन साध्या एलईडी ट्यूब, खोक्यावर 6500 के लिहिलेल्या, म्हणजे ज्याला दुकानदार 'कूल डेलाइट' म्हणतात त्या. जुन्या लोखंडी रॅकच्या कप्प्याला खालून साखळीनं टांगल्या. साखळी महत्त्वाची, कारण ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून दोन-तीन इंचांवर राहिली पाहिजे आणि रोपं वाढतील तशी वर सरकवता आली पाहिजे. छताची ट्यूब चालू ठेवून भागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते, रोपाला मात्र तो अंधारच. खिडकीचंही तेच. मे महिन्यात खिडकीत रोपं छान होतात, पण जुलैतल्या आपल्या आभाळाखाली ती काचेकडे वाकून काटकुळी होतात आणि देठ सुतळीसारखा लोळतो.

चौदा तास चालू, दहा तास बंद. रात्रभर चालू ठेवू नका. टोमॅटोला अंधारही लागतो, चोवीस तास उजेडात ठेवलं तर पानं पिवळी पडतात. विजेचं म्हणाल तर दोन ट्यूब, चौदा तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला सतरा युनिटं. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, आपला मोफत कोटा 2022-23 च्या सरासरीवर दहा टक्के चढवून ठरलाय, हे लक्षात असू द्या. ज्यांचा वापर 200 युनिटांच्या काठावर आहे त्यांनी हिशेब करूनच रॅक मांडावा, कारण 200 ओलांडले की जास्तीच्या युनिटांचं नाही, पूर्ण बिल येतं.

जांभळ्या दिव्यांनी रोपं वाढतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही. पानाच्या खालच्या बाजूला जांभळी झाक आली, तर थंडीमुळं रोपाला स्फुरद उचलता येत नाहीये हे ओळखायचं असतं. सगळंच जांभळं दिसत असेल तर ओळखणार काय, कपाळ? शिवाय रात्री समोरच्या घरातले विचारतात ते वेगळंच.

कोकोपीटला मी मधले गुण देईन. पाच किलोची वीट भिजवली की टब भरून फुगते, वर्षभर पुरते, हलकी असते, गच्चीवर वाहून न्यायला सोपी. अडचण क्षारांची. स्वस्तातल्या विटेत मीठ राहून गेलेलं असतं आणि मग कोवळ्या पानांच्या कडा करपतात. दोन-तीन पाण्यांतून काढा, मूठभर घेऊन पिळा. बोटांतून धार न लागता थेंबच पडले की ओल बरोबर. त्यात तिसरा हिस्सा गांडूळखत. कोकोपीटमध्ये स्वतःचं सत्त्व जवळजवळ नसतं, तेव्हा खरी पानं फुटल्यावर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्याहून जास्त नको.

गांडूळखतामुळं पावसाळ्यात घरात चिलटं होतात. बारीक, काळी, चहाच्या कपात पडणारी. ती घालवायला फवारा लागत नाही. ट्रे परातीत ठेवून खालून पाणी द्यायचं आणि वरचा थर सुकू द्यायचा. पिवळे चिकट कागद टांगले की उरलेली त्यावर बसतात. खालून पाणी द्यायची सवय आणखी एका कारणासाठी हवी. रात्री उभी असलेली रोपं सकाळी बुडाशी काळी पडून आडवी झालेली असतात, ती रोपमर. ओल आणि कोंदट हवा मिळाली की ही बुरशी ट्रेच्या एका कोपऱ्यातून निघते आणि दोन दिवसांत पलीकडच्या कडेला पोचते. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा आणि छोटा टेबलफॅन लांबून, सगळ्यात हळू, दिवसातून काही तास लावा. फॅनच्या हलक्या झुळकेनं देठही जाड होतात. माझ्या हिशेबात मॅटच्या आधी फॅनचा नंबर लागतो.

प्रो-ट्रे 98 खणांचा मिळतो, शेतकरी टोमॅटोला तोच वापरतात. घरच्यांनी 50 खणांचा घ्यावा. पावसानं लावण लांबली तर छोट्या खणात मुळं गुंडाळून बसतात, मोठ्यात आठवडाभर जास्त थांबता येतं.

बियाणं मी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' वापरते. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना ते दाद देत नाही. खानापूरच्या तांबड्या, ओल्या मातीत मर ही नेहमीची रड आहे, त्यामुळं तिथं फरक उघड दिसला. संकरित असल्यानं त्याचं बी धरून ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत फळं एकसारखी येत नाहीत. आमटीला आंबट गावठीच हवा असा घरात हट्ट आहे, म्हणून एक ओळ त्याचीही असते.

नर्सरीतून रोपं का आणत नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. सप्टेंबरात आणायला हरकत नाही. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या लावणीला मात्र पांढरी माशी कोवळ्या रोपालाच पर्णगुच्छाचा विषाणू देऊन जाते आणि तेव्हा पानावर काही दिसत नाही. घरातल्या रॅकवर ती माशी पोचत नाही, हा फायदा मला सामान घेताना ठाऊकच नव्हता.

बाहेर काढताना घाई नको. आठ-दहा दिवस आधी पत्र्याच्या पडवीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. ट्यूबखालच्या पानाला ऑक्टोबरचं ऊन एका दुपारीत पांढरं करतं. लावताना खालची पानं खुडून देठ अर्धा मातीत गाडा, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात.

टायमर घेणार असाल तर चक्रीचा घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट जाते, चक्री तिथंच थांबते आणि सकाळी सहाची ट्यूब हळूहळू दहाला लागायला लागते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण वेळ चुकवत नाही.