आजोबांची स्मृतिपुस्तिका पेठेत छापून घेताना: काम कसं मिळतं आणि कुठे बिघडतं

वडील किंवा आजोबा गेल्यावर वर्षश्राद्धाला जमलेल्या आप्तांच्या हाती तीस-चाळीस पानांची स्मृतिपुस्तिका द्यावी, असं अनेक घरांना वाटतं. पुण्यात आप्पा बळवंत चौकापासून शनिवार आणि नारायण पेठेपर्यंत हे काम करणारे बरेच आहेत. आमचं मत आधीच सांगतो: कागद, छपाई आणि कटिंग इथे चांगलं मिळतं. घात होतो तो माणसाच्या चेहऱ्यात आणि नावांत. म्हणून छपाई निर्धास्त त्यांच्यावर सोपवा, पण फोटोंची निवड आणि मुद्रितशोधन घरातच ठेवा.

पहिली चूक तारखेची. वर्षश्राद्ध तिथीने होतं आणि चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे तिथी गेल्या वर्षीच्या तारखेच्या सुमारे 11 दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक मास पडला तर सुमारे 19 दिवस पुढे जाते. पंचांग किंवा गुरुजींकडून दिवस पक्का करा आणि अंतिम मजकूर त्याआधी महिनाभर द्या. शेवटच्या आठवड्यात दिलेल्या कामात प्रूफ वाचायला कुणाला वेळ उरत नाही.

शंभर-दीडशे प्रती असतील तर डिजिटल छपाई घ्या, पाचशे लागणार असतील तर ऑफसेटचे, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईचे, दर विचारा. पानं चारच्या पटीत ठेवा, कारण मधोमध पिन मारायची तर प्रत्येक घडी चार पानं देते. चाळीस पानांपर्यंत सेंटर पिनच बरी. जाडी दिसावी म्हणून आर्ट पेपरवर परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं कण्याला गमाने चिकटवणं, सुचवलं जातं, ते घेऊ नये. गुळगुळीत लेप असलेल्या कागदाला गम नीट धरत नाही आणि चार वेळा उघडली की पुस्तिकेची पानं सुटतात. मजकुराला 100 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद, नॅचरल शेडचा, डोळ्यांना शांत वाटतो. घरातली वयस्कर मंडळी तोच वाचणार. फोटो मात्र मॅपलिथोवर शाई पिऊन मळकट दिसतात. त्यांच्यासाठी मधली आठ पानं 130 जीएसएम आर्ट पेपरची लावून घ्या. मुखपृष्ठाला 300 जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, आणि घडी घालण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच. क्रीझिंग राहिलं तर गडद रंगाच्या मुखपृष्ठावर घडीला पांढरी रेघ फुटते. हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावं.

आता फोटो, म्हणजे सगळ्या पुस्तिकेचा जीव. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवलेले फोटो चालत नाहीत, आकार लहान होऊन तपशील जातो. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे मूळ प्रिंट स्कॅन करणं: पोस्टकार्डाएवढी असेल तर 600 डीपीआय (इंचाला इतके ठिपके), पासपोर्टाएवढी असेल तर 1200. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. जुने रंगीत फोटो लालसर होतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. हे चांगला ऑपरेटर दहा मिनिटांत सुधारतो. कृष्णधवल फोटो ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त करड्या छटांत, बदलूनच छापायला सांगा, नाहीतर चार रंगांत छापताना चेहऱ्यावर हिरवी किंवा तांबूस झाक येते.

सध्याचा मोठा धोका एआयने 'साफ' केलेल्या चेहऱ्याचा आहे. धूसर फोटोत यंत्र नवे डोळे आणि नवे दात भरतं. गालावरचा तीळ जातो, चष्म्याची काडी वितळते, आणि उरतो तो भलताच गृहस्थ. ओरखडे आणि डाग काढू द्या, चेहऱ्याला हात लावू देऊ नका. धूसर पण खरा चेहरा नातवंडांना हवा असतो. दोन पानांच्या जोडावर येणारा चेहराही टाळा, पिनेच्या घडीत नाक जातं.

अक्षरजुळणीत अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात. घरून युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर नेहमी टाइप होतं त्या लिपीत, दिलेला मजकूर त्यात उतरवताना रफार, अनुस्वार आणि 'ऱ्ह' हमखास बिघडतात. कऱ्हाडे, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, ऋतुजा अशी नावं म्हणूनच एकेक करून तपासा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होत असेल तर वर्ल्ड रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी त्यातली सोय, चालू आहे का, हे विचारा; नसेल तर वेलांट्या जागा सोडतात. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, तेही बघा. बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात आणि आजोबांच्या पिढीला ते चटकन खटकतं. प्रूफ पडद्यावर न वाचता कागदावर वाचावं: एकदा मजकुरासाठी, एकदा फक्त नावं, नाती आणि तारखांसाठी. सुनांची आणि जावयांची नावं गळाली तर ते दुखणं वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे वंशावळीचं पान दोन्ही घरच्यांना दाखवा.

तयार साच्यातला 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू' मजकूर दुकानात मिळतो, तो नको. त्या जागी आजोबांच्या हिशेबाच्या वहीचं एक पान छापा. दूध, लाइट बिल, आणि त्याखाली 'नातीचे रंगखडू' अशी नोंद, त्यांच्याच अक्षरात, चुकलेली बेरीज खोडून दुरुस्त केलेली. असं पान बाप आणि आजोबा म्हणून ते कसे जगले ते सांगतं. स्कॅन रंगीत, 400 डीपीआयला करावा. काळा-पांढरा केला तर पेन्सिलीची नोंद आणि कागदाचा पिवळेपणा दोन्ही जातात. शाई पाठीमागून उमटत असेल तर स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवा.

छपाईला होकार देण्याआधी एक पूर्ण डमी, म्हणजे नमुना प्रत, त्याच कागदावर, पिन मारून मागा. प्रती मिळाल्यावर वरच्या दोन पाहून समाधान मानू नका, गठ्ठ्याच्या मधल्या चार उघडा. पानांचा क्रम उलटा लागणं तिथेच सापडतं. आणि मूळ फोटो देताना मागे पेनाने काही न लिहिता पाकिटावर संख्या लिहा, घेताना तेवढेच मोजून घ्या.