“आठ दिवस थोडीच गाणी टाका” असं विक्रेता म्हणाला, आणि मी ऐकलं

किती गेले ते आधीच सांगतो. गाणी ऐकायच्या प्लेयरचे ६,८५० रुपये. बॉक्समधल्या कार्डावर ‘वॉरंटी ॲक्टिव्हेट करा’ असं छापलं होतं, त्या क्यूआरवर ७४९. वस्तू परत पाठवायचं कुरिअर १८०. आणि डेटा रिकव्हरीवाल्याने नुसतं उघडून बघायचे घेतले १,२००. एकूण ८,९७९. एवढ्या पैशांत काय काय आलं असतं याची यादी घरात रोज ऐकतोय, त्यात भर घालू नका.

वर मी काही अडाणी माणूस नाही. पतसंस्थेत अकरा वर्षं हिशेब तपासतोय. शाखेत गेलो की वहीत शिल्लक किती लिहिली आहे हे नंतर बघतो, आधी पेटी उघडायला लावून नोटा मोजतो. त्यावरून मॅनेजर लोक मला नावं ठेवतात. ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, हे सगळ्या नातेवाइकांना ओरडून सांगणारा मीच. आता बहिणीचा फोन आला की ती आधी हसते.

फोन असताना प्लेयर कशाला, हे विचारणाऱ्यांसाठी एवढंच: तबल्याच्या रियाजाला लेहरा (तालाची आवर्तनं धरून ठेवणारी सुरावट) लावून बसलो आणि मध्येच कर्जवाल्या बाईंचा फोन आला की सम कुठे गेली ते सापडत नाही. शिवाय नव्या फोनला हेडफोनचं भोकसुद्धा नाही. आयपॉड ॲपलने मे २०२२ मध्ये बंद केला. नावाजलेल्या कंपन्यांचे प्लेयर मिळतात, पण किंमत बघून मी पान बंद केलं. ते आणि फुटपाथवरचं खेळणं यांच्या मधली जागा आता कधी न ऐकलेल्या नावांनी भरली आहे, आणि तिथेच मी पाय टाकला. १२८ जीबी, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या मोठ्या फायली) वाजतं, ४.३ तारे. त्या ताऱ्यांबद्दल नंतर बोलतो.

वस्तू दिसायला छान होती. धातूची बॉडी, गोल चाक, आवाजही ठीक. बॉक्समध्ये एक घडीचं कार्ड: पहिले आठ दिवस बॅटरी ‘सेट’ होऊ द्या, रोज पूर्ण संपवून आठ तास चार्ज करा, आणि या काळात पन्नासपेक्षा जास्त गाणी टाकू नका, मेमरीवर लोड येतो. मला हे पटलं! पहिला मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने आठ तास चार्ज करायला सांगितलंच होतं. विक्रेत्याला मेसेज करून विचारलं तर तोही म्हणाला, “सर, काळजी घेतली तर दहा वर्षं चालेल.” काळजी हा शब्द वाचून मी विरघळलो. वस्तू जपून वापरणारा माणूस आहे मी.

परत करायची मुदत सात दिवस होती. कार्डावर आठ दिवस होते.

सात आणि आठ. आयुष्यभर आकडे तपासणाऱ्या माणसाला सात आणि आठमधला फरक दिसला नाही. रात्री जाग आली की हेच आठवतं. खोट काळजीच्या सूचनेत लपवली होती, आणि ती सूचना मी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतली होती. असल्या प्लेयरमध्ये बॅटरी लिथियमची असते, आणि तिला असलं ‘सेटिंग’ लागत नाही. पूर्ण संपवून मग भरायचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमला उलट रोज शून्यावर नेलं तर ती लवकर म्हातारी होते. तिला उष्णता सोसत नाही, बंद ठेवायची असेल तर निम्मी भरलेली ठेवावी. हे मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा असतं तर त्या कार्डाचा वास आला असता.

मी फसलो ती दुसरी जागा त्याहून लाजिरवाणी आहे. पहिल्याच दिवशी प्लेयर विंडोजच्या लॅपटॉपला जोडला, तर क्षमता बरोबर १२८ जीबी दिसली. मला आनंद झाला. आमच्या १२८च्या पेनड्राइव्हला ११९च दिसतात, ही कंपनी मात्र मापात पाप करत नाही, असं मी हिला बोलूनही दाखवलं! भाच्याने नंतर समजावलं ते असं: कंपन्या १२८ अब्ज बाइट मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून खऱ्या १२८ला ११९च दिसायला हवेत. प्लेयरचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्यातलीच जागा खातं, म्हणजे त्याहूनही थोडे कमी. पूर्ण १२८ दिसले तिथेच हात थांबायला हवा होता. मी टाळी वाजवली. (उलट ११९ दिसले म्हणजे माल खरा, असंही समजू नका. खोटं बोलायचं ठरवलेली चिप ११९सुद्धा सांगेल.)

आठ दिवस निष्ठेने चाळीसच गाणी वाजवली. एकेक फ्लॅक तीसेक एमबीची, म्हणजे जेमतेम सव्वा जीबी. उत्तम वाजत होती, वाजणारच. नवव्या रात्री १,९०० फायली भरायला लावून झोपलो. सकाळी यादीत सगळी नावं हजर. दोन दिवसांनी एक बंदिश मध्येच तुटली आणि तिच्या पोटातून भलतंच भजन सुरू झालं. पुढचं गाणं म्हणजे नुसती खरखर. मी केबल बदलली, रिसेट केला, फॉरमॅट मात्र केला नाही, कारण त्यात गुरुजींच्या तालमीची तीन वर्षांची १४६ रेकॉर्डिंग होती. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून ती मी कॉपी नव्हे, कट करून टाकली होती. हो, कट. जे बोलायचं ते बोला.

भाच्याने जे निघतंय ते आधी उतरवून घेतलं, मग एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. तो सगळी जागा स्वतःच्या फायलींनी भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो, म्हणजे मी पेटीतल्या नोटा मोजतो तसं. लिनक्स आणि मॅकसाठी एफ-थ्री आहे. रात्रभर चालला. सकाळी निकाल: ७.२ जीबी शाबूत, १२०.८ जीबी नाहीच. “मामा, ही आठ जीबीची चिप आहे. हिला फक्त खोटं सांगायला शिकवलंय.” १४६पैकी ९ रेकॉर्डिंग धड निघाली. रिकव्हरीवाल्याने १,२०० घेऊन सांगितलं की जे कधी लिहिलंच गेलं नाही किंवा ज्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं, ते कुठून काढणार? बरोबर आहे त्याचं. पण हे पैसे घेण्याआधी सांगता आलं असतं. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे परत धा धा तिट पासून?” ते हसत होते, मी नव्हतो.

नवीन प्लेयर, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, काहीही असो, आला त्या दिवशीच असा पूर्ण भरून तपासा, आणि मगच एक गाणं टाका. मुदत संपायच्या आत. कुणीही थांबा म्हटलं तर थांबू नका.

आता साहेब लोकांकडे येतो.

ॲपवरच्या मदत केंद्रात आधी यंत्र बोललं, मग माणूस बोलला, फरक फारसा नव्हता. “डिव्हाइस चालू होतंय का? मग ते डिफेक्टिव्ह नाही.” चाचणीचा फोटो पाठवला तर ‘असुविधेबद्दल खेद आहे’ आणि तक्रार बंद. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मला पोच नवव्या दिवशी आली, तीही दुसऱ्याच ऑर्डरच्या नंबराची. विक्रेत्याने ‘सर्व्हिस सेंटर’चा पत्ता दिला, तिथे पाठवलेलं पार्सल ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आलं. ते १८० हेच. बिलावरचं नाव एक, क्यूआरवरचं दुसरं, बॉक्सवरचं तिसरं.

मग पोलीस ठाणं. ठाणे अंमलदारांनी प्लेयर हातात घेतला, इअरफोन कानाला लावला आणि म्हणाले, “वाजतंय की.” वाजतंच हो! पहिली सात जीबी वाजतातच, हीच तर युक्ती आहे, हे मी तीनदा समजावलं. ते म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी दिला होता का? नाही. खात्यातून परस्पर पैसे गेले का? नाही, मीच पाठवले. मग हा व्यवहाराचा वाद झाला, ग्राहक आयोगात जा. ७४९चं तरी लिहून घ्या म्हटलं, तर “एवढ्या रकमेसाठी?” अहो, एवढीच रक्कम हजार जणांकडून घेतली की कुणाचं तरी घर उभं राहतं! आमच्याकडे रोकडीत दहा रुपये कमी भरले तरी कॅशियरकडून लेखी खुलासा घेतात. इथे खुलासा मलाच विचारत होते: इतकं स्वस्त घेतलंच कशाला? बँकेत गेलो, तिथे फॉर्म संपले होते. हेल्पलाइनवाल्यांनी तक्रारीचा नंबर दिला, पंधरा दिवसांनी बघतो तर स्थिती ‘निराकरण झाले’. कुणाचं झालं? मी पुन्हा फोन केला तर समाधानाबद्दल एक ते पाच गुण द्यायला सांगितलं.

ते ४.३ तारे आता नीट वाचले. ‘पॅकिंग मस्त’, ‘डिलिव्हरी लवकर’, ‘आवाज छान’. सगळे पहिल्या आठवड्यातले, कारण तोवर कुणी सात जीबी ओलांडलेलीच नसते. एक ताऱ्याचे शोधून वाचा, त्यातही महिन्यानंतरचे. मी ते लिहायला गेलो, तर माझा अभिप्राय ‘नियमांत बसत नाही’.

यापुढे घेईन तो मेमरी कार्ड घालायची खाच असलेला, म्हणजे मेमरी वेगळी घेऊन वेगळी तपासता येते आणि प्लेयर बिघडला तरी गाणी कार्डात राहतात. केबल उपटायच्या आधी इजेक्ट करा, नाहीतर खऱ्या कार्डाचीही यादी बिघडते. बॉक्समधल्या क्यूआरवर एक रुपयाही टाकू नका. आणि माझ्या त्या प्लेयरची पाठ आता जरा वर आली आहे. आतली बॅटरी फुगली. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका.

ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, राहत्या जिल्ह्यातून करता येते आणि दोन वर्षांपर्यंत मुदत असते, हे मला कुठल्याही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. तिथे क्षमता छापलेल्या बॉक्सचा फोटो मागितला. बॉक्स मी दहाव्या दिवशीच रद्दीत टाकला होता. पण तो आकाराला बरा म्हणून हिने परस्पर उचलून त्यात शिवणाची रिळं ठेवली होती. रिळं काढून फोटो घेतला, ‘१२८ जीबी’ ठळक वाचता येतं. पुरावा क्रमांक ३ म्हणून जोडला आहे.