गिब्साइट घ्यावं की डायास्पोर?

सोलापुरात भूविज्ञान शिकवणाऱ्याला दगडांची टंचाई नसते, पण जिकडे पाहावं तिकडे काळा बेसाल्ट. गिब्साइट किंवा डायास्पोरसारखं ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचं खनिज विकतच आणावं लागतं आणि एकाच नमुन्यापुरते पैसे असले की प्रश्न पडतो तो हाच. मी दोन्ही वापरून बसलोय, म्हणून हे चार शब्द.

देखणेपणात डायास्पोर पुढे, यात वाद नाही. तुर्कस्तानातल्या पारदर्शक डायास्पोरचे खडे दागिन्यांत बसवतात. दिवसा हिरवट दिसणारा खडा पिवळ्या दिव्याखाली गुलाबीसर होतो. कठीणही इतकं, की काचेवर ओरखडा उठतो. गिब्साइट त्यामानाने गरीब गाय. फिकट, मऊ, चाकूने सहज खरवडलं जाणारं. पण पाटनावर, म्हणजे ते जिथे सपाट फुटतं त्या पृष्ठावर, मोत्यासारखी चमक असते आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली की मातकट वास येतो. पोरं तेवढं मात्र कधी विसरत नाहीत.

वर्गीकरण शिकवायला कोणतंही चालेल, तरी मला गिब्साइट सोयीचं वाटतं. त्यात हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम बसलेलं असतं आणि असे पदर एकावर एक रचलेले असतात. म्हणूनच पापुद्रे सुटतात. हाच पदर पुढे केओलिन या पांढऱ्या मातीच्या रचनेत पुन्हा भेटतो. बेयराइट, नॉर्डस्ट्रँडाइट आणि डॉयलाइट या खनिजांचं रासायनिक सूत्र गिब्साइटचंच, फरक पदरांच्या रचणीत. डायास्पोरमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल दोन्ही असतात, त्यामुळे त्याची जोडी त्याच सूत्राच्या बोहेमाइट या खनिजाशी.

माझा निर्णय मात्र पंख्यामुळे झाला. प्रात्यक्षिकं नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद करायचा आणि नळीत तुकडा तापवून पाणी सुटतं हे दाखवायचं. गिब्साइट दोनशे-तीनशे अंशांतच पाणी सोडतं, तेही वजनाच्या जवळपास ३५ टक्के. नळीच्या थंड भागावर थेंब लगेच दिसतात. डायास्पोरमध्ये पाणी १५ टक्केच आणि ते सुटायला पाचशेच्या आसपास जावं लागतं. तोवर वर्ग घामाने निथळतो. त्यात हे खनिज तापलं की तडतडून फुटतं. त्याचं ग्रीक नावच मुळी ‘विखुरणं’ या अर्थाचं, पण मला ते नळी तडकल्यावर आठवलं! तुमच्याकडे गॅसचा बर्नर आणि जाड काचेच्या नळ्या असतील तर कदाचित एवढा त्रास होणार नाही. माझ्याकडे नव्हत्या.

गिब्साइट घेताना एक काळजी घ्या. मला एकदा त्या नावाखाली बॉक्साइटचा गोळीदार तुकडा आला होता. बॉक्साइट हा खडक. त्यात गिब्साइट, बोहेमाइट, डायास्पोर, लोहाची ऑक्साइडं असं सगळं मिसळलेलं. तसलाच हवा असेल तर कोल्हापूरकडे राधानगरीच्या बाजूला सहल काढा, जांभ्यासोबत तो तिथे पाहायलाच मिळेल. दुकानातून मागवताना पापुद्रे स्पष्ट दिसणारा स्फटिकी तुकडाच मागा आणि आधी फोटो मागवा.