हिमॉन्कसची लस: आधी कोकरांना की गाभण मेंढ्यांना?

हिमॉन्कस म्हणजे मेंढ्यांच्या पोटात राहून रक्त पिणारा जंत. त्याची लस अख्ख्या कळपाला टोचणं जमत असेल तर प्रश्नच नाही. एकाच गटाला टोचायची असेल तर माझा कल कोकरांकडे आहे.

लहान वयात लस लागू पडत नाही, ही शंका बऱ्याच जणांना असते आणि ती अगदीच निराधार नाही. किरणोत्सर्गाने दुबळ्या केलेल्या अळ्यांची जुनी लस मोठ्या मेंढरांत चालायची, तीन महिन्यांच्या कोकरांत फसायची. कारण ती नैसर्गिक प्रतिकारशक्तीच जागी करू पाहायची, आणि ती कोवळ्या वयात तयारच झालेली नसते. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेल्या बार्बरव्हॅक्सचा मार्ग वेगळा. जंताच्या आतड्यातल्या प्रथिनांविरुद्ध ती रक्तात प्रतिपिंडं तयार करते. जंत रक्त पितो तेव्हा तीच त्याच्या पोटात जातात. म्हणून कोकरांतही ती काम करते. मात्र ही प्रथिनं एरवी मेंढीच्या शरीरासमोर येतच नाहीत, त्यामुळे चरताना पोटात गेलेल्या अळ्यांनी लसीची ताकद वाढत नाही. सुरुवातीचे तीन डोस तीन-चार आठवड्यांनी, मग दर सहा आठवड्यांनी बूस्टर. खरं संरक्षण तिसऱ्या डोसनंतरच.

मोठ्या मेंढ्यांची बाजूही लंगडी नाही. विण्याच्या सुमारास त्यांची प्रतिकारशक्ती ढिली पडते, लेंड्यांतून अंडी वाढतात आणि तेच कुरण पुढे कोकरं चरतात. तिथेच जंत अडवणं कागदावर जास्त शहाणपणाचं दिसतं.

पण सहा आठवड्यांचं चक्र नेमकं विण्याच्या दिवसांवर येतं. पोट जड झालेल्या मेंढ्या वाड्यात कोंडायच्या, त्या एकमेकींवर रेटतात, दाराशी अडकतात. नुकत्याच व्यायलेल्यांची पिल्लं गर्दीत चुकतात आणि आई शोधत ओरडत राहतात. मला ते बघवत नाही. माझा निर्णय तिथेच झाला. कोकरू काखेत धरलं की मानेवर कातडीखाली एक मिली टोचून मोकळं.

शिवाय रक्त कमी पडलं तर मोठी मेंढी काही दिवस तग धरते, कोकरू धरत नाही. खालची पापणी पांढरी पडली, जबड्याखाली पाणी उतरलं की धावपळ सुरू. लस सुरू केल्यापासून माझ्या कोकरांच्या पापण्या पावसाळ्यातही गुलाबी दिसतात. मोजमाप मी ठेवलेलं नाही, चारा-कुरणाचाही हात असेल. तिसऱ्या डोसपर्यंत मात्र जंतनाशकाचा आधार लागतोच, आणि बाकीच्या जंतांवर या लसीचा भरवसा धरू नका.

तुमच्या मेंढ्या थोड्या, शांत आणि हाताळायची सवय असलेल्या असतील, तर गाभण मेंढ्यांपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही.