हतनूर जलाशय: पाहुण्या बदकांसाठी उत्तम, पाहुण्या माणसांसाठी बेताचा

चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते आणि तेथून खाली, भुसावळ तालुक्यात, हतनूरचे ४१ दरवाजांचे धरण या दोन्ही नद्यांचे पाणी अडवते. पूर्णेने वऱ्हाडातून आणलेली काळी माती वर्षानुवर्षे येथे साचत गेली. सिंचनाच्या हिशेबात हा गाळ तोट्याचाच; परंतु डोके पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे करून चरणाऱ्या बदकांना नेमके असेच उथळ ताट लागते. खानदेशात हिवाळी बदके पाहण्यासाठी मी याच जागेचे नाव प्रथम घेईन.

आम्ही जानेवारीच्या मध्यास गेलो, आणि ती वेळ योग्य ठरली. पावसाळा संपताना जलाशय तुडुंब असल्याने थवे दूर मध्यभागी बसतात. पुढे पाणी ओसरून गाळपेर जमीन (पाणी हटल्यावर ओल्या गाळातच पेरली जाणारी) उघडी पडली की पक्षी काठाकडे सरकतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब गाळपेरीतल्या कोवळ्या हरभऱ्यात चरत होते (शेतकऱ्याला ते कितपत रुचत असेल, हा प्रश्न वेगळा). उथळ पाण्यात तलवार बदके होती, थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळत चालले होते, तर लालसरी जरा खोल पाण्यात बुडी मारून बऱ्याच अंतरावर वर येत होत्या. चक्रवाकाची जोडी मात्र सर्वांपासून फटकून, कोरड्या काठावर उभी होती. काळ्या अंगाच्या आणि कपाळी पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला आपल्याकडे ‘वारकरी’ म्हणतात. मुक्ताईचे स्थान असलेल्या मेहूण गावाजवळ तो शेकड्यांनी दिसावा, याचे मला फार कौतुक वाटले.

सोयींबाबत मात्र हात आखडता घ्यावा लागेल. आम्ही फिरलो त्या काठावर निरीक्षण मनोरा, माहितीफलक किंवा स्वच्छतागृह यांपैकी काहीही आढळले नाही. मनोरे असलेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य पाहून आलेल्यांना हे विशेष जाणवेल. आम्ही होडी ठरवली, ती चूक झाली. नावाड्याने आम्हाला खूश करण्यासाठी होडी सरळ थव्यात घातली. क्षणात सारे पाणी रिकामे झाले आणि दूर पांगलेली बदके तासभर परतली नाहीत. महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आहे, तथापि केवळ यादीत असल्याने कायद्याचे संरक्षण मिळत नाही, हे अशा वेळी प्रकर्षाने कळते.

म्हणून होडीचे पैसे वाचवून कोणाकडून तरी स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) मागून न्यावा. साध्या दुर्बिणीतून दूरची बदके नुसते ठिपके दिसतात. ओला गाळ वरून वाळलेला भासतो व घोट्यापर्यंत गिळतो, तेव्हा बांधावरूनच चालावे. महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेवची यात्रा असते; त्या दिवसांत दर्शनासाठी अवश्य जावे, पक्ष्यांसाठी नव्हे.