कॅमेऱ्यासाठी सॅक घेताना: खास कॅमेऱ्याची, प्रवासाची की ट्रेकिंगची?

माळेगावच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, माझ्या सॅकची चेन गेली. तुटली नाही, रनर पुढं सरकायचा आणि त्याच्या मागं दात उघडेच राहायचे. आत एक बॉडी, दोन लेन्स आणि भोवती मार्गशीर्षातला फुफाटा. सॅक पोटावर घेतली, वरून शाल गुंडाळली आणि दुपारभर तसाच फिरलो. सॅक नावाजलेल्या कंपनीची, कापडावर ओरखडासुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी नांदेडात एका बॅगवाल्याकडं नेली. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. "कापड दहा वर्षं जातंय सर. पण हे रनर आपल्याकडं नाही, अन् चेन बदलावी तर हा फोम मशीनखाली जात नाही. कामून घेतली ही?"

तेव्हापासून कुणी टिकाऊ सॅक विचारली की मी कापडाकडं नंतर वळतो. आपल्याकडं मराठवाड्यात सॅक फाटून जात नाही. ती जाते चेनीत, पट्ट्याच्या शिलाईत आणि आतल्या अस्तरात. म्हणून ही तुलना त्या तीन जागांवरून आहे, आणि जिल्ह्याच्या गावी दुरुस्ती होते का, यावरून.

पर्याय तीन धरले आहेत. एक, कॅमेऱ्यासाठीच बनवलेली सॅक. लोवेप्रोची प्रोटॅक्टिक ४५० हे ओळखीचं उदाहरण. दोन, प्रवासाची सॅक आणि तिच्यात बसणारा त्याच कंपनीचा कॅमेरा क्यूब (कॅमेरा-लेन्ससाठी कप्पे असलेला मऊ डबा), म्हणजे पीक डिझाइनच्या ४५ लिटरच्या ट्रॅव्हल बॅकपॅकसारखी. तीन, डेकॅथलॉन किंवा वाइल्डक्राफ्टची ३०-४० लिटरची साधी ट्रेकिंग सॅक आणि आत वेगळा घेतलेला इन्सर्ट, म्हणजे तसाच फोमचा कप्प्यांचा डबा. गावात शिवून घ्यायचा चौथा पर्यायही मी करून पाहिला आहे, त्याचं शेवटी सांगतो.

चेन

चेनी मुख्यतः दोन जातीच्या. एकीला सुटे, टणक दात असतात; दुसरी गुंडाळलेल्या नायलॉनच्या तारेची, तिला कॉइल म्हणतात. बऱ्याच चांगल्या सॅकांना कॉइलच असते, कारण ती वळणावर मोडत नाही आणि मध्येच उसवली तरी रनर मागंपुढं फिरवला की बहुधा परत जुळते. धूळ आधी खाते ती रनरला. त्याचं तोंड झिजून सैल झालं की दात नीट दाबले जात नाहीत. बॅगवाला पकडीनं रनर चेपून देतो, त्यावर काही दिवस निघतात, मग नवाच घालावा लागतो. तो मिळणं न मिळणं नंबरावर असतं. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो, आणि तो साधारणपणे मिटलेल्या दातांची मिलीमीटरमधली रुंदी सांगतो. मुख्य कप्प्याला ५ नंबरची चेन असेल तर ती सॅक मी घेणार नाही, मग वर कुणाचंही नाव असो.

महागड्या सॅकांवर हल्ली पाणी अडवणारी, वरून लेप दिलेली चेन येते. कोकणातल्या माणसानं ती जरूर घ्यावी. आपल्याकडं पावसापेक्षा मातीचे दिवस जास्त. लेपाच्या फटीत बारीक काळी माती बसते, रनर जड होतो, मग आपण जोर लावतो आणि लेप कडेनं सुटायला लागतो. ट्रेकिंग सॅकचं तोंड बऱ्याचदा दोरीनं आवळायचं असतं, वर झाकण. दोरीला रनर नसतो.

पण त्या तोंडातून कॅमेरा काढायला वेळ जातो, हेही खरं. नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या काठावर झाकण उघडून, दोरी सैल करून, इन्सर्टचं तोंड शोधेपर्यंत पक्षी उडून जातो. बाजूनं किंवा समोरूनही उघडणारी ट्रेकिंग सॅक मिळाली तर तीच बघावी. नाहीतर माझ्यासारखा कॅमेरा गळ्यात ठेवून सॅक नुसती सामानाला.

कुठून उघडते

इथं खास कॅमेऱ्याची सॅक सरळ जिंकते. प्रोटॅक्टिक पाठीच्या बाजूनं पूर्ण उघडते, पीक डिझाइनचीही तशीच. गाळपेराच्या ओल्या जमिनीवर सॅक टेकवायची झाली तर पुढची बाजू खाली आणि पट्टे वर राहतात. परत पाठीवर घेताना शर्टाला चिखलाचा शिक्का बसत नाही. दुसरा फायदा गर्दीतला. नवरात्रात तुळजापूरला सॅक पाठीवर असेपर्यंत मागच्या माणसाला मुख्य कप्प्याचं पाठीकडचं तोंड उघडताच येत नाही, फक्त वरच्या आणि बाजूच्या चेनींवर लक्ष ठेवावं लागतं. साध्या ट्रेकिंग सॅकचं झाकण मात्र मागून कुणीही उचलू शकतो. त्यावर इलाज एकच, गर्दीत सॅक पोटाशी घ्यायची.

वजन

पक्षी टिपणाऱ्याचा हिशोब करून बघा. निकॉनची २००-५०० मिमीची लेन्स, ट्रायपॉडला लावायच्या कॉलरसकट, २३०० ग्रॅम. निकॉनचीच डी७२०० बॉडी बॅटरीसह ७६५ ग्रॅम. झाले तीन किलो. एक छोटी लेन्स, दुर्बीण आणि उन्हाळ्यात किमान दोन लिटर पाणी धरलं की सहा किलोच्या पुढं गेलो. पीक डिझाइनची ४५ लिटरची सॅक रिकामीच दोन किलोची, क्यूब वेगळा. देशांतर्गत विमानात केबिनला सहसा ७ किलोची मर्यादा असते. म्हणजे ज्या विमानप्रवासासाठी ती सॅक बनली, तिथंच तिचं वजन आड येतं. तरी मापाच्या बाबतीत ती आवळली की साधारण बसते, आणि कपडे व कॅमेरा एकाच सॅकमध्ये नेणाऱ्याला तिच्याइतकं सोयीचं दुसरं मला दिसलेलं नाही. २०१८ साली ती आली तेव्हाच किंमत ३०० डॉलर होती. तेवढ्या पैशात इथं एक बरी जुनी लेन्स येते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

वजन खांद्यावरून कमरेवर उतरवायला रुंद, भरीव कंबरपट्टा लागतो. तो ट्रेकिंग सॅकला बहुधा असतो, कारण ती त्यासाठीच बनते. दौलताबादच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या चढताना हा फरक कळतो. तिथल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वाकून जाताना उंच सॅकचं टोक छताला घासतं, ते वेगळंच.

आणि मोटारसायकल. आपल्यातले निम्मे लोक छत्रपती संभाजीनगराहून पैठणला पन्नासेक किलोमीटर दुचाकीनंच जातात. ४५ लिटरची उभी सॅक हेल्मेटच्या मागच्या कडेला लागते, मान वर करता येत नाही. तिचं बूड मागच्या सीटवर टेकलं तर खांद्याला आराम, पण प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बुडाच्या कप्प्यातल्या लेन्सला. म्हणून इन्सर्ट असो की क्यूब, खाली आधी जॅकेट किंवा टॉवेल घालावा आणि कॅमेरा त्याच्या वर. सॅकसोबत पावसाचं कव्हर येत असेल तर गाडीवर ते कायम चढवावं. मी ते पावसापेक्षा मे महिन्यात, धुळीसाठी जास्त वापरतो.

कापड आणि अस्तर

डेनिअरचा आकडा बघून पुष्कळ जण भुलतात. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. माप रेशमावरून आलेलं, त्यामुळं रेशमाच्या विणकरांना ते परकं नाही. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच त्याचं म्हणणं. वीण विरळ असेल तर १०००चं कापडही ४२०च्या घट्ट कापडापुढं उणं ठरतं. नायलॉन घासण्याला चांगलं टिकतं, पॉलिएस्टर उन्हाला. आपल्या उन्हात पॉलिएस्टरला नाक मुरडण्याचं कारण नाही.

अस्तराकडं मात्र कुणी बघत नाही. आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. ऊब आणि ओल मिळाली की तो काही वर्षांत चिकट होतो, मग पोपडे सुटतात आणि ते नेमके लेन्सवर पडतात. पावसाळ्यात भिजलेली सॅक पत्र्याच्या खोलीत माळ्यावर टाकून दिली की हे लवकर होतं. सावलीत पूर्ण वाळवून, उघडी ठेवायची.

पट्ट्यांचं थोडक्यात: जिथं पट्टा सॅकला जोडलाय तिथं चौकटीत फुली अशी शिलाई असावी आणि आतून ती जागा हाताला लागावी. ट्रेकिंग सॅकमध्ये लागते, चांभारही टाके घालून देतो. कॅमेरा सॅकमध्ये ती फोमच्या मागं दडलेली असते.

शिवून घ्यायची?

जाड कॅनव्हासची एक सॅक मी शिवून घेतली होती. फाटली नाही, फाटणारही नाही, पण पाठीला आधार देणारी पट्टीच नसल्यानं सगळं ओझं खांद्याला काचायचं. पैसे वाया गेले. त्यातून शिकलो ते हे की सॅक विकत घ्यावी आणि इन्सर्ट शिवावा. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडं जा. फोम, अस्तराचं कापड, वेल्क्रो आणि जाड शिलाईचं मशीन, सगळं त्याच्याकडं असतं. आपली लेन्स आणि बॉडी घेऊन जायचं, समोर ठेवून माप द्यायचं. २००-५०० बॉडीला जोडून ठेवायची असेल तर आतली लांबी ३५ सेंमीपेक्षा थोडी जास्त लागते, आणि तयार इन्सर्ट बरेचदा तिथंच कमी पडतात.

लग्नाची कामं करणाऱ्यानं माझं ऐकू नये. त्याला दोन बॉड्या, फ्लॅश, बॅटऱ्या आणि घाई. कप्पे जागच्या जागी हवेत, तेव्हा कॅमेऱ्याचीच सॅक बरी, फक्त चेनीचा नंबर बघून घ्यावी. विमानानं वर्षातून चार-पाच फेऱ्या असतील तर प्रवासाची सॅक आणि क्यूब. बाकी अजिंठा, नाथसागर, गौताळा, नळदुर्ग असं फिरणाऱ्यासाठी ट्रेकिंग सॅक आणि शिवलेला इन्सर्ट. ट्रायपॉडच्या पट्ट्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. अजिंठ्याला परवानगीशिवाय ट्रायपॉड चालतच नाही.

माझ्या त्या जुन्या सॅकचे आतले फोम काढून नव्या इन्सर्टमध्ये लागले. नुसतं कवच उरलंय. हुरड्याला शेतावर जाताना त्यात गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या भरतो. तिची चेन लागत नाही, आणि हुरड्याला ती लागतही नाही.