टी१ लाइन: डी४ फ्रेमिंग ठेवायचं की ईएसएफ?

टी१ ही टेलिफोनची डिजिटल लाइन, एकीवरून २४ चॅनेल नेणारी. तिच्यावर दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक फ्रेम, म्हणजे बिटांचा ठरलेला गठ्ठा, जाते. २४ चॅनेल, प्रत्येकी ८ बिट, झाले १९२; वर एक फ्रेमिंग बिट, एकूण १९३. डी४ आणि ईएसएफ (एक्स्टेंडेड सुपरफ्रेम) या दोन फ्रेमिंग पद्धतींमधला सगळा वाद या एकट्या बिटाचं काय करायचं याचा आहे. वेग दोन्हीकडे तोच, सेकंदाला १.५४४ मेगाबिट.

डी४मध्ये १२ फ्रेमचा सुपरफ्रेम. बाराही फ्रेमिंग बिट १०००११०१११०० हा साचा गिरवत बसतात, म्हणजे पलीकडच्या यंत्राला पहिला चॅनेल कुठे सुरू होतो ते कळतं. पण चालू लाइनवर १९३ बिटांपैकी बरोबर-चूक ठरवता येते ती या एकाचीच. बायपोलर व्हायोलेशन (लागोपाठचे पल्स आलटून-पालटून धन-ऋण हवेत, हा नियम मोडल्याच्या चुका) मोजता येतात खरे, पण तेही तुमच्याजवळच्या तुकड्यापुरतेच. यलो अलार्म (तुमचा सिग्नल नीट मिळत नाही, हे पलीकडे कळवणारा इशारा) तर त्याहून अडाणी: प्रत्येक चॅनेलचा दुसरा बिट शून्य करायचा. म्हणजे दुखणं सांगायला ग्राहकाचाच डेटा मोडायचा!

ईएसएफ २४ फ्रेम एकत्र घेतं आणि काटकसर करतं. साच्याला ६ बिट पुरतात. १२ बिटांतून ४ किलोबिटचा वेगळा डेटा लिंक निघतो. अलार्म आणि देखभालीचे निरोप त्यातून जातात. उरलेले ६ सीआरसीला, म्हणजे चूक पकडणाऱ्या ताळ्याला. पाठवणारा ४,६३२ बिटांच्या अख्ख्या सुपरफ्रेमवरून सहा बिटांचा ताळा काढतो आणि पुढच्या सुपरफ्रेममधून पाठवतो. घेणारा आपला ताळा काढून जुळवतो, दर ३ मिलिसेकंदांनी. लाइन बंद न करता चूक पकडायची ती अशी.

सिग्नलिंगसाठी (फोन उचलला की ठेवला वगैरे कळवायला) चॅनेलच्या डेटातून चोरलेले बिटही डी४मध्ये दोन (ए, बी), ईएसएफमध्ये चार.

एक गैरसमज मात्र नेहमी भेटतो: ईएसएफ लावलं की चॅनेलला पूर्ण ६४ किलोबिट मिळतात. नाही मिळत. त्यासाठी लाइन कोडिंग बी८झेडएस (सलग आठ शून्यांच्या जागी खास साचा पाठवणारं) हवं आणि बिटचोरी बंद हवी.

माझं मत विचाराल तर ईएसएफच. समोर डी४च समजणारी जुनी चॅनेल बँक (फोनचे आवाज टी१च्या चॅनेलांत भरणारं यंत्र) असेल तरच डी४. दोन टोकांना दोन फ्रेमिंग ठेवलीत तर लाइनवर सिग्नल दिसेल, फ्रेम मात्र जुळणार नाही. तेव्हा आधी पलीकडचं सेटिंग विचारा.

ई१ (टी१चा युरोपीय भाऊ) वाल्यांना हा प्रश्न वेगळ्या नावाने पडतो: सीआरसी-४ (तिथला चार बिटांचा ताळा) चालू की बंद? तिथेही पलीकडचं यंत्र साथ देत असेल तर चालूच ठेवा.